दुसऱ्या पायाने लंगडणारं इंजिन

थोरला आणि धाकटा एकमेकांशी बोलेनासे झाले, तेव्हा घसा बसला तो मधलीचा. एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून काम करणारे दोन सख्खे भाऊ. पण एकाला दुसऱ्याकडची कानस हवी झाली तरी निरोप मधल्या बहिणीच्या तोंडून जायचा.

"त्याला सांग, बारीक कानस दे म्हणावं."

"तो म्हणतोय, बारीक कानस दे."

"त्याला सांग, त्याच्याच टेबलावर आहे. डोळे असले तर बघ म्हणावं."

"तो म्हणतोय, तुझ्याच टेबलावर आहे."

"पुढचं का गाळलंस? मला ऐकू आलं."

"ऐकू येतं तर मला कशाला दमवता रे?" मधली म्हणायची, पण उपयोग शून्य. रुसव्याचेही कायदे असतात, आणि हे दोघे एरवी कुठलेही कायदे पाळत नसले तरी हे अगदी काटेकोर पाळत.

त्यांचं वर्कशॉप रोटरी इंजिनांचं होतं. साध्या इंजिनात दट्ट्या खाली-वर आपटत राहतो. रोटरीत दट्ट्याच नसतो. कमरेत किंचित आवळलेलं एक लांबट पोकळ कवच, आणि त्यात गरगरणारा फुगीर बाजूंचा त्रिकोण, म्हणजे रोटर. इंजिन आकाराने इतकंसं, की पहिल्यांदा बघणारा विचारायचा, "बाकीचं कुठे आहे?" पण सुरू झालं की तोच माणूस दोन पावलं मागे सरकायचा. ज्याला नुसतं इथून तिथे पोचायचं आहे त्याचं या गल्लीत काही काम नव्हतं. इथे यायचे ते आवाजासाठी. वर्षाकाठी मोजकी इंजिनं बनायची, प्रत्येक हाताने आणि प्रत्येक कुणा एकासाठी.

इंजिनात रोटर दोन, एकामागे एक. वडील असल्यापासूनची वाटणी अशी, की पुढचं कवच थोरल्याने घडवायचं, मागचं धाकट्याने, आणि मधलीने ती दोन्ही जुळवायची. रोटरच्या तिन्ही टोकांना बसणाऱ्या पट्ट्या, त्यांच्याखालच्या केसासारख्या स्प्रिंगा, मधला दांडा, सगळं तिच्या टेबलावर. शिवाय फोन, गिऱ्हाईक आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी. दोन रोटरांच्या मधे एक जाड लोखंडी पाटी असते. एकाची आग दुसऱ्याच्या घरात जाऊ नये, एवढंच तिचं काम. त्या पाटीबद्दल मधलीला विशेष आपुलकी होती.

आता आवाजाचं. कवचाच्या अंगात हवा आणि पेट्रोल आत घेण्यासाठी एक तोंड कापावं लागतं. हे काम हाताचं, म्हणजेच स्वभावाचं. थोरला कापायला बसला की आखलेल्या रेघेच्या अलीकडेच थांबायचा. जगात उद्याही दिवस आहे, या श्रद्धेने तो प्रत्येक गोष्ट करायचा. धाकट्याच्या लेखी रेघ म्हणजे कुणीतरी दिलेला सल्ला. ऐकून घ्यायचा आणि पुढे जायचं. त्यामुळे यांच्या इंजिनात पुढचा रोटर संसारी माणसासारखा बेताने श्वास घ्यायचा, आणि मागचा अधाशासारखा. इंजिन जागच्या जागी संथ चालू असलं की या अधाशाला ठसका लागायचा. एक ठोका गिळायचा, आणि त्याची भरपाई म्हणून नंतरचा ठोका असा काढायचा की मागच्या आखूड नळीतून थेट चपराक बाहेर. धब, धब, धब... आणि फाड्! पुन्हा धब, धब, धब... फाड्! ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी दांडगा माणूस एका पायाने लंगडत, पण ऐटीत चाललाय. वेग वाढवला की लंगडणं नाहीसं. मग कोरं कापड एका दमात टरकवावं तसा एकच आवाज, न संपणारा.

गिऱ्हाईकं या लंगडण्यासाठी जीव टाकायची. दोन्ही भावांना मात्र तो दोष वाटायचा, आणि अर्थातच दुसऱ्याचा. थोरल्याच्या मते धाकटा जास्त कापायचा. धाकट्याच्या मते थोरला कमी. या विषयावर ते वर्षानुवर्षं मनापासून भांडत आले होते, आणि त्या भांडणावर दोघांची तब्येत उत्तम राहिली होती.

बिघडलं ते एका पाहुण्यामुळे. गाड्यांचा शौकीन, स्वतःच्या जाणकारीवर फार खूश. इंजिन ऐकून मान डोलावत म्हणाला, "पुढचा हात उस्तादाचा आहे. मागचा कुणी शिकाऊ दिसतो." थोरला समोर उभा होता. हातात चहाचा कप. तो काहीच बोलला नाही. पाहुणा गेला, कप विसळून झाला, तरी नाही.

"एक शब्द," धाकटा नंतर मधलीला म्हणाला. "एक शब्द बोलला असता तर याच्या जिभेचं हाड मोडणार होतं का?"

"जिभेला हाड नसतं."

"तेच म्हणतोय मी!"

तेव्हापासून अबोला. आणि मग अबोल्याच्याही पुढची पायरी: वेगळं व्हायचं. हातातलं इंजिन तेवढं पुरं करायचं आणि खोलीच्या मधोमध भिंत घालायची. धाकट्याने खडूने जमिनीवर रेघही ओढली. लेथ त्या बाजूला. इंजिन चढवून तपासायचा लोखंडी घोडा या बाजूला. रेघ बरोबर मधलीच्या टेबलाखालून जात होती. टेबल कुणाच्या वाट्याला, हे कुणीच लिहिलं नव्हतं.

"वन्सं, तुम्ही आमच्याकडेच ना?" थोरल्याच्या बायकोने कपडे वाळत घालता घालता सहज विचारलं. इतकं सहज, की मधलीला कळलं, यावर रात्री चर्चा झालेली आहे.

"ताई, तू माझ्या बाजूला. यात विचारायचं काय?" धाकट्याने तर विचारलंसुद्धा नाही.

"आधी हे इंजिन होऊ दे," मधली दोघांना म्हणाली.

हिशेब तिने मनात केव्हाच मांडला होता. एकटा थोरला जे इंजिन बनवील ते शहाण्यासारखं चालेल, आणि रस्त्यावर एकही माणूस वळून बघणार नाही. एकटा धाकटा जे बनवील ते गर्जेल भरपूर, पण सिग्नलला उभं राहिलं की बंद पडेल. आणि ती स्वतः कुणा एकाकडे गेली, तर दुसऱ्याच्या घरचा चहा आयुष्यभर कोमट मिळेल. तिन्ही खात्यांत तोटा. तरी दोन शहाणी माणसं त्याच दिशेने निघालेली. दोघांपैकी एकही रागाने पेटलेला नव्हता, हेच तिला जास्त खुपायचं. पेटलेलं विझतं तरी. हे नुसते अडून बसले होते.

हातातलं इंजिन दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचं होतं. दिवसभर कानाशी बारीक किरकिरणारं ड्रिल; त्यामुळे संध्याकाळी घरी जाताना तरी भारदस्त काहीतरी ऐकू यावं, एवढीच त्यांची मागणी. यांचं एक इंजिन त्यांनी ओळखीच्या कुणाच्या गाडीत ऐकलं होतं. "मला तेच लंगडणं हवंय," त्या मधलीला म्हणाल्या. "सरळ चालणारी इंजिनं खूप ऐकलीत." बाई गोड होत्या, पण बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायच्या. त्यामुळे त्या आल्या की दोन्ही भाऊ ओठ मिटून घ्यायचे. वाढत्या वयाबरोबर दोघांनीही आपापल्या दाढांकडे दुर्लक्ष केलेलं होतं.

मधलीने त्यांचं म्हणणं दोघांना जसंच्या तसं सांगितलं.

"त्यांना त्यातलं काय कळतंय," थोरला म्हणाला.

"सरळ चाललेलं ऐकलं की तेच आवडेल," धाकटा म्हणाला.

दोघांचं एकमत झालं होतं, पण बोलणं बंद असल्यामुळे ते त्यांना कळलं नाही.

यथावकाश दोन्ही कवचं तेलकट फडक्यात गुंडाळून मधलीच्या टेबलावर आली. एकमेकांचं काम बघणं दोघांनाही कमीपणाचं वाटत होतं, म्हणून ती फडकी पहिल्यांदा सोडली तिनेच. आधी पुढचं. त्याचं तोंड बघून तिला वाटलं, आपण चुकून मागचं उघडलं. हे भगदाड थोरल्याचं असणं शक्यच नाही. पण बाहेरच्या अंगाला ठसा होता थोरल्याचा, एक टिंब. मग मागचं उघडलं. त्याचं तोंड आवळलेलं, सोवळं, रेघेच्या चांगलं अलीकडे. आणि ठसा धाकट्याचा, आडवी रेघ.

ती स्टुलावर बसली आणि थोडा वेळ दोन्हींकडे नुसती बघत राहिली. मग तिला हसू आलं, आणि ते दाबताना खोकला आला.

"काय झालं?" दोघांनी एकदमच विचारलं, आणि एकदमच पुन्हा पाठी फिरवल्या.

"काही नाही. तेलाचा वास."

झालं होतं ते स्वच्छ होतं. शेवटचं इंजिन तरी सरळ चालावं, निदान निरोपाला बट्टा नको, असं थोरल्याला वाटलं असणार. म्हणून त्याने मनावर दगड ठेवून धाकट्यासारखं कापलं: दोन्ही तोंडं मोठी झाली की दोन्ही सारखी. आणि नेमका तोच विचार करून धाकट्याने हात आखडला होता. दोघांनीही माघार घेतली होती, आणि तीही एकमेकांच्या चोरून. जणू माघार ही चारचौघांत करण्यासारखी गोष्ट नव्हे.

आता तिच्या हातात सगळं होतं. दोन्ही कवचं एकाच मापाची. कुठलंही कुठेही बसतं. पुढचं मागे आणि मागचं पुढे केलं की झालं. इंजिन नेहमीसारखं लंगडेल, ठसे नळ्यांच्या आड झाकले जातील, डॉक्टरीणबाई खूश होऊन जातील. आणि भाऊ? दोघेही म्हणतील, मी इतका वाकलो तरी हा सुधारला नाही. मग भिंत उभी राहील ती कायमची, आणि आपण मधे काय गिळलं ते कुणालाच कळणार नाही.

तिने एकदा पुढचं कवच उचलून मागच्या जागी धरूनही बघितलं. छान बसत होतं.

मग ते परत पुढे ठेवलं, आणि जसं आलं तसंच इंजिन जुळवायला घेतलं. पट्ट्या बसवल्या, स्प्रिंगा दाबल्या, पाटी मधे घातली, लांब बोल्ट एकेक करून आवळले. दांडा हाताने फिरवून बघितला: फुस्, फुस्, फुस्, त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे श्वास सारखे, पुढचेही आणि मागचेही. तिच्या कामात खोट नव्हती. इंजिन उत्तम होतं, फक्त मागितलेलं नव्हतं.

इंजिन ऐकवायची त्यांच्याकडे एक रीत होती. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, इंजिनाकडे पाठ करून. वडील म्हणायचे, समोर बसवला की माणूस लोखंडाची चकाकी बघतो, नाहीतर बनवणाऱ्याचं तोंड बघतो, आणि भिडेखातर हो म्हणतो. पाठीला भीड नसते. तेल तापेपर्यंत ऐकायचं, आणि पटलं तर एकच शब्द बोलायचा: "माझं." तो शब्द आला नाही तर इंजिन उघडायचं. वाद नाही.

दुपारची वेळ ठरली. शेजारच्या काचवाल्याला आधी कळवलं, तशी त्याने उभी तावदानं आडवी केली. डॉक्टरीणबाई पर्स मांडीवर घेऊन, डोळे मिटून, शाळेतल्या मुलीसारख्या ताठ बसल्या. घोड्याच्या एका अंगाला थोरला, दुसऱ्या अंगाला धाकटा. मधलीने कळ दाबली.

इंजिन एकदा खाकरलं, आणि लागलं चालायला. धब, धब, धब... पुढच्या रोटरने एक ठोका गिळला, आणि त्याची भरपाई पुढच्या लांब, वळसा घेत जाणाऱ्या नळीतून बाहेर आली: भुस्स. धब, धब, धब... भुस्स.

दोन्ही भावांच्या कपाळावर एकदमच आठी पडली. सरळ चालण्याची खात्री बाळगून उभे होते बिचारे. थोरल्याने मागच्या बाजूकडे अशा नजरेने बघितलं, जणू घरातलं भांडं फोडून मांजर तिथे बसलंय. धाकट्याने पुढच्या बाजूकडे तसंच. मधलीने कुणाकडेच बघितलं नाही. ती डॉक्टरीणबाईंच्या पाठीकडे बघत होती, आणि जन्मात पहिल्यांदाच मनात म्हणत होती, बाई, या वेळी तेवढं 'नाही' म्हणा. हो म्हणालात तर माझं घर बुडालं.

तेल तापलं. बाईंनी डोळे उघडले.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

मधलीने मनात भिंतीच्या विटा मोजायला घेतल्या.

"छान आहे, पण... हे ते नाही. हे लंगडतंय, पण दुसऱ्या पायाने."

"डॉक्टरबाई, इंजिनाला पाय नसतात," थोरला ओठ न उघडता म्हणाला.

"नसतात ना? मग लंगडतंय कसं?"

थोरल्याने वाकून इंजिनाखाली बघितलं.

"त्या इंजिनात ठोका चुकला की लगेच कानशिलात बसते. मला ती हवी आहे. इथे ठोका चुकला की शेजारच्या खोलीत कुणीतरी गादी आपटतं. तुमची गादी चांगलीच आहे हो, पण मला थप्पड पाहिजे."

मधलीने इंजिन बंद केलं, हात पुसले आणि बाजूला जाऊन उभी राहिली.

"उघडा," ती म्हणाली.

"मधले, तू उघड ना," थोरला म्हणाला.

"मी जुळवलंय बरोबर. श्वास सारखे आहेत, हवं तर फिरवून बघ. आणि कुणाचा काही निरोप असेल तर परस्पर द्या, माझा घसा गेलाय."

मग काय करतात! एक इकडून, एक तिकडून, बोल्ट सैल करू लागले. थंड व्हायला वेळ लागला, तेवढ्यात चहा झाला, डॉक्टरीणबाईंनीही घेतला. त्यांना आता जायची घाई दिसत नव्हती. शेवटी मागचं कवच सुटून थोरल्याच्या हातात आलं. त्याने तोंड बघितलं. उजेडाकडे धरून पुन्हा बघितलं.

"हे कुणी कापलं?" आणि हा प्रश्न त्याने सरळ धाकट्याला विचारला.

"मी."

"हे तुझं नाही."

"ठसा बघ ना. माझंच आहे."

"असं का कापलंस पण?"

"तुझ्यासारखं कापलं."

"मी असं कापतो?"

"असंच कापतोस. नकोशा पाव्हण्याच्या चहात साखर घातल्यासारखं." एवढं बोलून धाकट्याने पुढच्या कवचावरचं तेल पुसलं, आणि त्याचा आवाज एकदम चढला. "आणि हे काय आहे? दादा! हे तोंड आहे का बोगदा?"

"तुझ्यासारखं कापलं."

"मी असं कापत नाही! माझं तोंड मोठं असतं, पण कड बघ माझी, लोण्यासारखी असते. तू नुसतं भसकन पाडलंयस!"

"सवय नाही मला वाया घालवायची."

"मग कशाला गेलास करायला?"

थोरला हातातल्या कवचाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"म्हटलं, शेवटचं आहे. सरळ चालू दे एकदा."

"मी पण तेच म्हटलं," धाकटा म्हणाला.

डॉक्टरीणबाई चहाचा कप धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होत्या. दोघांचीही तोंडं आ वासलेली होती, आणि त्यांनी एकाच्याही दातांकडे बघितलं नाही.

"त्या दिवशी बोलायला हवं होतं मी," थोरला म्हणाला. हे तो कवचाशीच बोलला, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "तो माणूस शिकाऊ म्हणाला तेव्हा. मी वाक्य जुळवत बसलो, आणि तो गेला."

"इतके दिवस जुळवत होतास?"

"चांगलं जमत नव्हतं."

"जाऊ दे आता," धाकटा म्हणाला, आणि उगाच फडकं झटकलं. "तुझं वाक्य यायचं तोवर त्याची गाडी भंगारात गेली असती."

"मला एक सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे दुरुस्त होईल का? आमच्याकडे जास्त कोरलं गेलं तर आम्ही भरतो तरी."

लोखंड कापलं की कापलं, ते भरता येत नाही. थोरल्याने ते त्यांना समजावून सांगितलं, आणि नवीन कवचाला किती वेळ लागेल हेही सांगायला घेतलं. तोंडाशी आलेलं उत्तर मधलीने चहाबरोबर गिळलं. धाकटा कधी आपल्या, कधी थोरल्याच्या हातातल्या कवचाकडे बघत होता.

"अदलाबदल केली तर?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तुझं बोगद्याचं मागे, माझं आवळलेलं पुढे. मापं एकच आहेत."

वडिलांच्या हयातीपासून थोरल्याचं काम पुढे होतं. पुढचं म्हणजे थोरल्याचं, हे या खोलीत कुणाला सांगावं लागत नव्हतं.

"माझं मागे," तो चव घेऊन बघावं तसं म्हणाला.

"मागे काय काटे आहेत? मी बसलोच की इतकी वर्षं."

थोरल्याने एकवार त्याच्याकडे बघितलं. मग हातातलं कवच त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि आपलं मागितलं. "आण इकडे. पण ती कड आधी नीट कर माझी. लोण्यासारखी. लोक काय म्हणतील, मागे कुणी शिकाऊ ठेवलाय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी काचवाल्याने पुन्हा तावदानं आडवी केली. डॉक्टरीणबाई पुन्हा पाठ करून बसल्या. धब, धब, धब... फाड्! मधलीने तेलाच्या काट्याकडे बघितलं. तो अजून जागचा हललासुद्धा नव्हता.

"माझं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि वळून थेट इंजिनाजवळ आल्या. मधलीने त्यांच्या हाताशी वेग वाढवायची केबल दिली. बाईंनी ती हलकेच ओढली, मग जरा जास्त, आणि लंगडणं विरघळून टर्रर करून ते लांबच लांब कापड फाटत गेलं, खोलीभर, गल्लीभर. बाई खिदळल्या. स्वतःचे दात त्यांनी फार चांगले ठेवले होते.

इंजिन थांबलं, आणि पलीकडून आवाज आला.

"पुढच्या इंजिनाला पुढचं मी कापणार," धाकटा म्हणत होता. "आता बसलाय हात."

"हात बसलाय? एकदा चुकून जमलं त्याला हात बसणं म्हणत नाहीत. पुढचं माझं!"

"तू वेगळा होणार होतास ना? हो की मग. दोन्ही काप."

"मी? रेघ कुणी ओढली होती? आणि मागचं ते अधाशी तोंड कापायला मी माणूस कुठून आणू?"

"मग गप बस, आणि मला पुढचं दे!"

"नाही देणार! आणि कानस कुठे आहे माझी?"

"तुझ्याच टेबलावर आहे, डोळे उघडून बघ!"

दोघांनाही मधलीची आठवणसुद्धा नव्हती. ती स्टूल ओढून निवांत बसली, पाय लांब केले.

"हे असेच भांडतात का हो नेहमी?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

"हो," मधली म्हणाली. "मधे काही दिवस बंद होतं."